दोन फुलपात्रं

"काकू, हात डब्याकडे निघाला की पाय उंबऱ्याकडे न्यायचे. एवढं एकच लक्षात ठेवा."

डॉक्टर मेधा साबणे असं म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या दंडावरचा पट्टा सोडला. इतकी वर्षं झाली, त्या सातारा सोडून मुलाकडे राहायला गेल्या, पण तो आवाज अजून कानात आहे. त्या वेळी मात्र मला रागच आला होता.

"पण मी खाते कुठे?" मी म्हणाले. "मी तर उपासच करते."

"कुठकुठले?"

मी सांगितले. सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या, एकादशा, प्रदोष. श्रावणात शनिवारही असतो.

"आणि उपासाला काय घेता?"

"काही नाही हो. सकाळी शाबूची खिचडी. दुपारी ताक आणि बटाट्याचा कीस. संध्याकाळी पोथी झाली की तोंडात टाकायला एखादा राजगिऱ्याचा लाडू, दाण्याचा लाडू, केळ्याचे वेफर..."

"एखादा?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, जणू महिना कुठला चाललाय तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"उपासाचं कुठे अंगाला लागतं?" मी म्हणाले. खरंच सांगते, मनापासून म्हणाले. माझी आई तेच म्हणायची, सासूबाईही तेच म्हणायच्या. देवाच्या नावानं खाल्लेलं ते खाणं नव्हेच.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "साखर वाढलीय. वजन वाढलंय. गुडघे जिना चढताना बोलतात ते वेगळंच. गोळ्या देते, पण गोळ्या एकट्या काय करणार? नवरात्राच्या आधी परत तपासू. साखर उतरली असेल तर तुमचे नऊ दिवस धरा. नसेल उतरली, तर नवरात्रच काय, एक सोमवारसुद्धा धरू देणार नाही. काका, तुम्ही साक्षीला आहात."

आमच्याकडे घट बसतात. नऊ दिवसांचा उपास घरातल्या सुनेनं करायचा असतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्या वर्षी घटाची माती माझ्या ओंजळीत घालून म्हणाल्या होत्या, "कालिंदी, हे आता तुझं." तेव्हापासून एक नवरात्र चुकलं नव्हतं. मुलगी पोटात होती तेव्हाही नाही.

परत येताना हे म्हणाले, "सकाळी माझ्याबरोबर फिरायला येत जा."

"सकाळी माझी पूजा असते."

"मग संध्याकाळी."

"संध्याकाळी पोथी, मग दिवाबत्ती. आणि ह्या वयात रस्त्यानं हात हलवत निघू? पेठेतल्या बायका काय म्हणतील? गोळ्या घेईन मी अगदी नेमानं."

पाटबंधारे खात्यात ह्यांनी जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले. एक रेघ ओढायच्या आधी कोऱ्या कागदाकडे बराच वेळ बघत बसायची ह्यांना सवय. वाटेत तसंच रस्त्याकडे बघत चालले होते.

आषाढी एकादशीला मी देवापुढे चातुर्मासाचा नेम धरला. दरवर्षी धरते. उठताना बघते तर हे मागे हात जोडून उभे.

"मीही धरलाय," हे म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. संसारात ह्यांनी कधी एकादशीसुद्धा पुरती केली नव्हती. "कसला नेम हो?"

"बोलून दाखवतात का? तूच सांगतेस ना, नेम बोलला की मोडला."

खरं होतं. मीच सांगत असे. मी आनंदानं साखर ठेवली देवापुढे.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पोथी मिटली, स्वयंपाकघरात आले आणि फडताळातला पितळी डबा खाली घेतला. त्याचं झाकण घट्ट होतं, उघडताना ठणकन वाजायचं. झाकण वाजलं आणि बाहेर ह्यांच्या चपला वाजल्या. बघते तर एका हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, आणि हे फाटकाबाहेर.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, एवढं आईनं मला लहानपणीच शिकवलेलं. त्याचं काम होत नाही, वाटेत काही वंगाळ घडतं. मी आजवर कुणाला तसं विचारलं नाही आणि घरात कुणी विचारलं तर मला खपत नसे.

तासाभरानं हे आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा मात्र खुशीत.

"बरंच लांब गेला होता वाटतं?" मी म्हणाले.

"नेम आहे," हे म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. शेजारच्या लीलाताई निकम कुंपणावर हात टेकून उभ्या असत. त्यांचा आवाज पेठेच्या टोकापर्यंत जायचा.

"वैनी, भावजी कुठं निघाल्यात हो रोजचं? छत्री काय, पिशवी काय! इस्त्रीचा सदरा काय!"

"नेम आहे त्यांचा," मी हळूच म्हणाले.

"असंल बाई. आमच्या ह्यांचापन असाच नेम होता. पेढ्याच्या दुकानात सापडला."

त्या खो खो हसल्या. मी हसले नाही. मला तोपर्यंत पेढे सुचलेच नव्हते.

त्या रात्री जेवताना मी ह्यांच्या मिशांकडे बघितलं. सदरा धुवायला टाकताना खिसे उलटे केले. वास घेतला. खव्याचा नाही, वेलदोड्याचा नाही. पिशवीत फिरकीचा तांब्या होता, म्हणजे पाणी घेऊन जात होते. आणि तळाशी दोन फुलपात्रं. दोन्ही ओली.

मी ती घासायला घेतली आणि मोरीपाशी तशीच बसून राहिले. एका माणसाला पाणी प्यायला दोन फुलपात्रं कशाला?

हे मी लीलाताईंना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. जपाला बसले तरी माळ बोटांत आणि मन त्या दोन फुलपात्रांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन, पुन्हा ओली. देवाला म्हटलं, माझ्या मनात पाप येतंय, तूच काढ. तो काही काढीना.

ह्यांच्या कचेरीत देशमानेबाई म्हणून टंकलेखिका होत्या. स्वभावानं चांगल्या. संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी बोगद्याच्या रस्त्याला घर बांधलं होतं. "बाई एकटी असून किती टापटिपीची," असं हे एकदा म्हणाले होते. एकदाच म्हणाले होते, पण मला ते त्या दिवशी शब्द न शब्द आठवलं.

श्रावणातला पहिला सोमवार. पोथी झाली. शिंगाड्याचा शिरा केला होता, तो वाटीत घेतला आणि डबा काढला. झाकण वाजलं. चपला वाजल्या. मी वाटीवर ताटली झाकली, बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि मागच्या दारानं निघाले.

"वैनी, तुम्ही कुठं?" लीलाताईंनी विचारलंच.

"देवळात," मी म्हणाले. खोटं नको म्हणून समर्थ मंदिराच्या दिशेनंच गेले. हेही तिकडेच चालले होते.

कितीतरी वर्षांनी मी एवढी भरभर चालले असेन. चिखलात चपला रुतत होत्या. समर्थ मंदिराच्या कोपऱ्यावर मला धाप लागली. भिंतीला हात टेकून उभी राहिले. हे पुढे एका म्हशीपाशी थांबले होते. म्हैस रस्त्यात बसली होती आणि हे तिच्याकडे एवढं निरखून बघत होते, जणू तिचा नकाशा काढायचाय. मला दम खायला वेळ मिळाला. देव आहे, मी मनात म्हटलं. पण पुढे चढ होता, तो काही मला जमेना. मी वळले.

घरी आले तोवर दिवेलागण झाली होती. शिरा गार होऊन वाटीला चिकटलेला. दिवा लावला, आरती केली. मग खाण्याची वेळ उरली नाही, इच्छाही नव्हती. थोड्या वेळानं हे आले. पिशवीतून फुलपात्रं निघाली. दोन. ओली.

मग माझा तोच परिपाठ झाला. झाकण वाजलं की चपला, आणि चपलांमागं मी. आज मंदिराच्या कोपऱ्यापर्यंत, पुढल्या आठवड्यात त्याच्या पुढच्या पिंपळापर्यंत. जिथं मला अगदी पाऊल उचलवेना, तिथं नेमका ह्यांना कुणी ओळखीचा भेटे, नाहीतर चपलेचा अंगठा सुटे, नाहीतर छत्रीची काडी अडके. मला वाटे, सत्य कळावं म्हणून देवच त्यांना अडवतोय.

एक दिवस मी बोगद्याच्या रस्त्याला लागले. देशमानेबाईंचं घर समोर दिसत होतं. निळं फाटक, त्यावर जाईचा वेल. हे फाटकापाशी आले आणि थांबले.

एका टेम्पोच्या आडोशाला उभी राहिले. हे वाकले. चपलेचा अंगठा नीट केला. बराच वेळ केला. मग उठले, फाटकाकडे ढुंकूनही न बघता पुढे गेले, आणि डाव्या हाताला किल्ल्याच्या रस्त्याला वळले.

किल्ल्याच्या? अजिंक्यताऱ्यावर ह्यांचं काय होतं?

माझा संशय गेला नाही, उलट वाढला. पेठेत भेटलं तर लोक बघतात. वर झाडी आहे, तटबंदी आहे.

घरी लीलाताई दाण्याचे लाडू मागायला आल्या. त्यांच्या नातीला हवे होते. मी डबा दिला. त्यांनी एक तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"वैनी, हे खवट झाल्यात की! तुमच्या घरात लाडू खवट? कधी केलेत?"

मला आठवेना. मी म्हटलं, "पावसाळी हवा आहे."

"आणि तुमचं झंपर ढगळ झालंय ते? तेबी पावसानं?"

"काळजी आहे मला," मी म्हणाले. एवढंच तोंडून गेलं. लीलाताईंनी माझ्याकडे कसल्याशा नजरेनं बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, मग लाडवांचा डबा तसाच ठेवून निघून गेल्या. त्यांनाही काहीतरी ठाऊक आहे, माझ्या मनानं लगेच घेतलं. सगळ्या गावाला ठाऊक असेल. मला सोडून.

गणपती आले, गेले. पितृपक्ष लागला. डॉक्टरीणबाईंकडे जायचं जवळ आलं आणि माझ्या जिवाला एक घोर नाही, दोन घोर. साखर नाही उतरली तर घटापुढे काय तोंडानं बसायचं? आणि हे काय चाललंय ते नाही कळलं, तर घटापुढे कुठल्या मनानं बसायचं? सवाष्णीनं नवऱ्याच्या कल्याणासाठी माळ बांधायची आणि मनात असला विचार.

ठरवलं, आज मागे फिरायचं नाही.

झाकण वाजलं. मी खरं तर काही खायला काढलंच नव्हतं. हाताला सवय म्हणून डबा उघडला आणि मिटला. चपला वाजल्या. मी निघाले.

मंदिराचा कोपरा गेला, पिंपळ गेला, देशमानेबाईंचं निळं फाटक गेलं. किल्ल्याचा रस्ता वळणावळणानं वर जातो. एका अंगाला कडा, एका अंगाला खाली सगळं गाव. हे एकदाही थांबले नाहीत. मीही नाही. आज ना म्हैस आडवी आली, ना अंगठा सुटला. महादरवाजा आला. आत मारुतीला मी चालता चालताच हात जोडले. पुढे गवतातून पायवाट मंगळाईच्या देवळाकडे जाते. लग्न झालं त्या वर्षी सासूबाईंनी मला तिथे ओटी भरायला आणलं होतं. त्यानंतर पाय लागला नव्हता.

देवळाच्या ओट्यावर हे बसले. माझ्याकडे पाठ होती. मी पडक्या भिंतीच्या आड उभी राहिले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हे कुणाची तरी वाट बघत होते, ते त्यांच्या मानेवरून कळत होतं. ह्यांनी पिशवीतून तांब्या काढला. फिरकी उघडली. एक फुलपात्र ओट्यावर ठेवलं. मग दुसरं, आपल्या शेजारी, हातभर अंतरावर. दोन्ही भरली.

आता ती येईल. कुठल्या बाजूनं येईल?

"ये, बस," हे म्हणाले. मागे न वळता. "पाणी पी. आज कुठेच थांबली नाहीस."

मी भिंतीला धरून उभीच राहिले. मग हे वळले. चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांत पाणी.

"ये गं. त्या भिंतीत विंचू असतात."

मी गेले. बसले. फुलपात्र उचललं आणि निम्मं पाणी पदरावर सांडलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"पण मी बांगड्या वर चढवल्या होत्या."

"बांगड्यांचं कोण म्हणतंय? तुझा श्वास! समर्थ मंदिरापाशी पुजाऱ्यानं घंटा थांबवून बघितलं, कोण आलं म्हणून." हे हसले. "आज ऐकू आला नाही. शेवटच्या वळणावर वाटलं, तू मागे नाहीसच. वळून बघणार होतो."

"आणि हे दुसरं फुलपात्र?"

"तुला दिसणार नाही अशा पुढच्या वळणाआड भरून ठेवायचो. आज येईल पुढे, आज येईल. तू वळलीस की तुझं पाणी जवळच्या झाडाला घालायचं आणि तुझ्या मागनं घरी यायचं. त्या दुसऱ्या वळणावरचा आपटा बघितलास? तुझ्या पाण्यावर वाढलाय."

खाली गावात कुठेतरी भोंगा झाला.

"सरळ सांगायचं होतं," मी म्हणाले.

"सांगितलं होतं की. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं. आलीस?"

मी पदराचा ओला काठ पिळला.

"तू माझ्यासाठी चालणार नाहीस, स्वतःसाठी तर नाहीच. माझ्यामागं चालशील एवढं वाटलं. तू 'कुठे' म्हणून विचारणार नाहीस, ह्याचीही खात्री होती." मग म्हणाले, "लीलाताईंना मीच सांगितलं होतं, रोज तुला टोचायचं. पेढ्यांचं मात्र त्यांचं त्यांनी घातलं. ढगळ झंपर बघून त्या घाबरल्या. म्हणाल्या, भावजी, वैनी कुढायला लागल्यात, आता बास करा. मी म्हटलं, आणखी थोडा चढ राहिलाय."

"आणि तुमचा नेम? तो कसला होता?"

ह्यांनी रिकामं फुलपात्र उपडं करून ओट्यावर ठेवलं.

"तुझ्या डब्याचं झाकण वाजलं की मी उठायचं."

मला ते डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि मी पदर तोंडाला लावला. हात माझा निघत होता आणि पाय ह्यांचे.

"बोललात," मी म्हणाले. "आता मोडला की नेम."

"मोडला. पुढचा तू धर. इथेच, मंगळाईसमोर. मी असलो तर माझ्याबरोबर, नसलो तर एकटीनं."

मी देवळात गेले, देवीच्या पायाशी हात टेकले आणि मनात बोलले. बाहेर आल्यावर ह्यांना काही सांगितलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही.

उतरताना दरवाज्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून ह्यांचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत घरी आले. अख्ख्या पेठेनं बघितलं. लीलाताई कुंपणावरून ओरडल्या, "सापडला का हो वैनी, पेढ्याचा चोर?"

"सापडला," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलले असेन.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या घोट्याला पट्टी बांधली आणि माझा कागद हातात घेतला. त्यांच्या भुवयांकडे बघत मी देवीचं नाव घेत होते.

"पुरती नाही उतरली," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला. "पण चांगली उतरलीय. वजनही. काकू, नवरात्र धरा. मात्र शाबू नाही, बटाटा नाही, लाडू तर बघायचेसुद्धा नाहीत. ताक, फळं, राजगिऱ्याची भाजी. गोळ्या सांगितल्या वेळेला. चक्कर आली तर त्या दिवशी उपास सोडायचा, देवी रागावत नाही. आणि पाय?"

"पाय उंबऱ्याकडे," मी म्हणाले.

घटस्थापनेच्या दिवशी माती पसरली, सप्तधान्य पेरलं, पहिली माळ बांधली. संध्याकाळी पोथी मिटून स्वयंपाकघरात गेले. घर शांत होतं. घटाजवळच्या समईचा उजेड दारापर्यंत आला होता. किती वर्षांची सवय, हात आपोआप फडताळाकडे गेला. डबा रिकामा होता, घासून पालथा घातलेला. तरी शेजारी ठेवलेल्या झाकणाला बोट लागलं आणि ते ठणकन वाजलं.

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. हे उठायला बघत होते. पट्टीतला पाय जमिनीला टेकला आणि ह्यांनी ओठ दाबला.

"बसा," मी म्हणाले.

फिरकीचा तांब्या भरला. पिशवीत ठेवला. एक फुलपात्र ठेवलं. मग दुसरंही ठेवलं. समईत तेल घातलं, देवीला नमस्कार केला, चपला पायांत सरकवल्या.

हे खुर्चीतून माझ्याकडे बघत होते.

ह्यांनी 'कुठे' म्हणून विचारलं नाही. मी फाटक हलकेच ओढून घेतलं आणि निघाले.